राजाच्या कानातली भिकबाळी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझा कान धुतला.

दर गुरुवारी सकाळी हे काम असायचं. विकायच्या कडक भाकऱ्या थापून, वाळत घालून झाल्या की ती उंबऱ्यापाशी उजेडात बसायची, बशीत रिठ्याचं कोमट पाणी घ्यायची आणि हाक मारायची, "आना तुमचा राजवाडा हिकडं." राजवाडा म्हणजे माझा उजवा कान. त्याच्या वरच्या कडेला भिकबाळी. सोन्याची तार, तारेत दोन मोती, मोत्यांच्या मध्ये एक लाल खडा. बारशापासून ती माझ्या कानात आहे. आधी आई काढायची-घालायची, लग्नानंतर आईनं हिला शिकवलं. मला स्वतःला ती कधीच जमली नाही. माझी बोटं गिरणीत जाड झाली, मला सदऱ्याचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात.

त्या गुरुवारी तिनं तार नखानं सरळ केली, बाळी काढली, बशीत सोडली आणि भोकाला खोबरेल लावलं.

"जपून," मी म्हणालो. "न्हायतर घालशील पिठात, मुरणीवानी."

तिच्या नाकातली मुरणी तीस वर्षांमागं पिठाच्या डब्यात पडून गेली होती. तेव्हा मी दोन दिवस तिला सगळं पीठ चाळायला लावलं होतं. मुकाट्यानं चाळलं. सापडली नाही. तेव्हापासून हा टोमणा मी हजार वेळा तरी मारला असेल. कुठलं गिऱ्हाईक सोन्याची भाकरी खाऊन गेलं म्हणायचो. बाकी कशावरही ती मला एकाला दोन ऐकवायची, पण मुरणीचं नाव काढलं की गप्प बसायची. मला वाटायचं, चूक कळली बाईला.

मग ती दर गुरुवारी विचारायची तेच तिनं विचारलं.

"कुनी मागाया आलं, तर द्याल न्हवं?"

"बघू."

"तीस वर्सं बघतायच की. डोळं दुकत न्हाईत व्हय?"

मी हसलो. ती म्हणाली, "भोक सुकू द्या घटकाभर, मग घालते." आणि जरा आडवी झाली. आडवी होता होता म्हणाली, "शेंगाच्या चटणीत मीठ कमी वाटतंय, बघा बरं."

मी उठून चटणी चाखली. मीठ बरोबर होतं. सांगायला परत आलो, तर ऐकणारं माणूस उरलं नव्हतं.

बाळी बशीतच राहिली.

आता ही बाळी कुठून आली ते सांगतो, कारण आमच्या नातेवाइकांनी त्याचं पार वाटोळं केलं आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही वडिलांनी मास्तरला घोंगडी दिली म्हणून. पण खरं सांगायला चौथी पुरते.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. मेंढरं आणि थोडी ज्वारी, एवढंच घरात. माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली. चौथा मी. अशा वेळी आमच्याकडं रीत होती. आईनं पाच घरं भीक मागायची, त्या भिकेतून लेकराच्या कानात बाळी घालायची, आणि त्याचं नाव उकिरड्यावरचं काहीतरी ठेवायचं. मरणाला वाटतं, हे भिकाऱ्याचं पोर, ह्याला कशाला न्यायचं. माझं नाव तसंच आहे, म्हणून इथं सांगत नाही.

बाराव्या दिवशी आई मला पोटाशी बांधून निघाली. चार घरं झाली. कुणी मूठभर ज्वारी दिली, कुणी तांब्याचा पैसा दिला. पाचवं घर पाटलाचं. तिथं कुत्रं सोडलेलं होतं. आई माघारी वळली तर सडकेवर एक मोटार उभी. टायर बसलेला, डायव्हर खाली वाकलेला, आणि सावलीला एक फेटेवाला माणूस उभा. आईनं विचार केला, हिलाबी चार दारं हायती, म्हंजे घरच की. आणि पदर पसरला.

तो माणूस म्हणजे शेजारच्या छोट्या संस्थानाचा राजा होता. नाव सांगत नाही, त्याचे वारस कोर्टात जायला मोकळेच बसलेत. त्याचं राज्य तेव्हा खालसा व्हायच्या बेतात होतं आणि टायर आधीच बसला होता. त्यानं खिशात हात घातला. खिसा रिकामा. राजाजवळ सुटे कुठून असणार? डायव्हरला विचारलं. त्याच्याजवळ नुसता पाना. मग राजानं विचारलं, "बाई, भीक कशासाठी?" आईनं सांगितलं. त्यानं फेटा जरा मागं सारला. मग हात वर करून आपल्या उजव्या कानातली बाळी काढली.

"हीसुद्धा भिकेचीच आहे," तो म्हणाला. "माझ्या आईसाहेबांनी मागितलेली. मी जगलो. आता हा जगू दे. हा जगला आणि पुढं कुणी आई असंच मागायला आली, तर त्याला द्यायला सांगा. पेटीत ठेवू नका."

आईला तो राजा आहे हे चार दिवसांनी कळलं. तोवर ती त्याला मोटारवाला भला माणूस म्हणत होती. माझ्या मते दोन्हींत ते नाव जास्त चांगलं होतं.

पण आमच्या घराण्याला ही गोष्ट पचली नाही. राजाची बाळी पाहिजे, पण भीक नको. वडिलांनी आधी 'भीक' काढून 'बक्षीस' केलं. चुलत्यानं पंक्चर काढलं आणि मोटारीच्या जागी घोडा आणला. माझ्या धाकट्या भावानं लांडगा घातला. भावाचा पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, राजकारणात फिरतो, त्यानं लांडग्याचा बिबट्या केला आणि आमच्या आजोबांना त्याच्या अंगावर उडी मारायला लावली. माझे आजोबा दम्यानं उठून बसायचे नाहीत. पण पणतवानं त्यांना बिबट्यावर घातलं. आई मात्र ह्या गोष्टीतून हळूहळू पूर्ण निघून गेली.

मीही काही सांगत बसलो नाही. पुढं शहरात गिरणीला लागलो, तिथं मला सगळे 'राजे' म्हणायचे. खात्याचा मुकादम, जॉबर, तोसुद्धा म्हणायचा, "राजे, जरा ते सूत आवरा." शिवी दिली तरी 'राजे' म्हणून द्यायचे. मला ते गोड लागायचं. बिबट्या खोटा होता, पण राजे म्हणून घ्यायला माझी हरकत नव्हती.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तीस वर्षांमागं आमच्या मागच्या बोळातली एक विणकरीण आमच्या दारात आली. तेलुगू बोलणारं घर, नवरा-बायको दोघं मागावर बसायची. पंचवीस वर्षांची असेल. दोन लेकरं गेलेली, तिसरी मुलगी झालेली, नऊ दिवसांची, दूध ओढत नव्हती. आमच्या बाळीची खरी गोष्ट तिला हिनंच पाण्याच्या रांगेत सांगितलेली. ती पदर पसरून उंबऱ्यावर उभी राहिली.

मी आत होतो. तिला येताना बघितलं, टॉवेल घेतला, कानावरून डोक्याला गुंडाळला आणि दाराच्या मागं जाऊन उभा राहिलो. हिला हातानं खूण केली, नाही म्हण.

हिनं आयुष्यात खोटं बोलायचं काम केलेलं नव्हतं. तिला ते नीट जमलं पण नाही. "घरात न्हाईत गं ते," एवढंच म्हणाली. आणि नेमका तेव्हा मला खोकला आला. गिरणीत कापूस छातीत जातो, तो वेळ बघून बाहेर येत नाही.

बाई थोडा वेळ थांबली. मग पदर आवरून गेली.

मुलगी जगली. दवाखान्यात ठेवली, डॉक्टरनं वाचवली, माझ्या बाळीवाचून काही अडलं नाही. मी हिला तसं बोलून दाखवलं. "बग, जगली की." ही भाकऱ्या थापत राहिली. पण पुढच्या गुरुवारपासून ते 'कुनी आलं तर द्याल न्हवं' सुरू झालं. आणि मी उजवा कान भिंतीकडं करून बसायला लागलो.

असो. ही गेल्यावर लोक भेटायला यायला लागले. समाचाराला आलेलं माणूस तोंडाकडं बघतं. माझ्याकडं आलेली माणसं कानाकडं बघत होती. "लई वाईट झालं" म्हणायची आणि मान जरा वाकडी करून उजवीकडं बघायची. एक म्हातारा तर जाता जाता म्हणाला, "वैनी गेल्या ते गेल्याच, पर बाळी कुटं दिसंना?" बाळी हिच्या बटव्यात होती. सुपारी आणि लवंगांच्या मध्ये. तिसऱ्या दिवशी बशीतून काढून मीच ठेवली होती.

दहाव्याला कावळा शिवेना. सगळे नदीकाठी उन्हात उभे. गुरुजी म्हणाले, कसली तरी इच्छा राहिली असेल, सांगा काहीतरी. पुण्याहून आलेला माझा मुलगा पुढं झाला. "आई, आबांना मी पुण्याला नेतो, काळजी करू नको." कावळा बाभळीवरच. मुलगा मागं बघून परत पुढं झाला, "आणि बाळी लॉकरला ठेवतो, हरवणार नाही." कावळ्यानं पाठ फिरवली. मग पुतण्या हात जोडून म्हणाला, "काकी, बाळी घराण्याच्या भाईर जानार न्हाय, माझा शब्द हाय." कावळा उडून दुसऱ्याच्या पिंडाला गेला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला इच्छा ठाऊक होती. दर गुरुवारी ऐकलेली. मी पुढं झालो आणि तोंडातून निघालं, "बघू."

कावळा काय येतोय. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तो लगेच शिवला. गवताच्या कावळ्याला काही कबूल करावं लागत नाही.

तेरावं झाल्यावर पुतण्या आमच्या भागातल्या माजी नगरसेवकाला घेऊन आला. हे गृहस्थ परत उभे राहणार आहेत. गल्लीच्या तोंडाला ह्यांचा फलक आहे, त्यावर स्वतःला 'सरकार' म्हणवून घेतलंय. गळ्यात दोराएवढी साखळी, मनगटात कडं, आठ बोटांत अंगठ्या. उरलेली दोन बोटं मिशीला लागतात. बसल्या बसल्या मी बघितलं, उजव्या कानाच्या वरच्या कडेला नवं भोक पाडून त्यात कडुलिंबाची काडी घातलेली. जखम अजून लाल होती. म्हणजे बाळी मिळायच्या आधी भोक तयार.

"काका," ते म्हणाले, "ऐतिहासिक वस्तू योग्य जागी पाहिजे."

"व्हय की."

"ह्यांच्या वाढदिवसाची मिरवणूक हाय, तात्या," पुतण्या म्हणाला. "घोड्यावरनं. फेटा हाय, तलवार हाय. निस्ता कान मोकळा हाय."

"मग गड्ड्याच्या जत्रंत घ्यायची एकादी. ढीग लावलेला असतो तितं."

"काका, ती खोटी असते," नगरसेवक म्हणाले.

"मग तलवार खरी हाय व्हय?"

पुतण्यानं विषय बदलला. विचार करून सांगा म्हणाले आणि उठले. जाताना नगरसेवकांनी हिच्या फोटोला हार घातला. हारात गुंतवलेल्या चिठ्ठीवर त्यांचंच नाव होतं.

पुढच्या आठवड्यात मुलानं पुण्याहून एक गृहस्थ आणले. जुन्या वस्तू जमवणारे. गांधी टोपीला शोभेल असा सदरा आणि त्याच्यावर कॅमेरा. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बाळी बघितली. अर्धा तास बघितली. मी इतका वेळ हिच्याकडं लग्नात बघितलं नव्हतं.

"अस्सल," ते म्हणाले. "बसऱ्याचे मोती. पण पुरावा लागतो. राजेसाहेबांनी ही घातलेला फोटो?"

त्यांनी फोनवर राजाचे फोटो शोधले. मुलानं मला दाखवले. मी तो माणूस पहिल्यांदाच बघत होतो. पहिल्या फोटोत पोरवयाचा, बसलेला, उजव्या कानाला बाळी, तीच. पुढचे फोटो म्हातारपणाकडचे. शाळेचं उद्घाटन, कुणाचं तरी लग्न, खुर्चीत बसलेला. गृहस्थांनी बोटानं कान मोठा करून दाखवला. कानाला नुसतं भोक. सगळ्या फोटोंत नुसतं भोक. एवढा राजा, पण परत दुसरी काही घातली नाही त्यानं.

"हाच पुरावा," गृहस्थ खूश झाले. "फक्त ते भिकेचं वगळा. दान म्हणू या. किंवा शौर्यासाठी."

"बिबट्या हाय आमच्याकडं तयार," मी म्हणालो. "घालायचा का?"

मुलगा म्हणाला, "आबा, चेष्टा नको. मी सांभाळतो ना. तुम्हाला ती घालतासुद्धा येत नाही. घालणार कोण आता?"

तो वाईट बोलला नाही. खरं बोलला. मी बाळी परत बटव्यात टाकली आणि दोरी ओढली.

मग परवा नगरसेवक परत आले. ह्या वेळी शाल, नारळ आणि फोटोवाला घेऊन. ज्येष्ठ नागरिक म्हणून माझा सत्कार करायचा, आणि सत्काराच्या भाषणात मी बाळी काढून त्यांच्या कानात घालायची, असा कार्यक्रम पुतण्यानं ठरवलेला. सगळी गल्ली दारात जमली. पाणी येणार होतं त्यामुळं तशाही बायका घागरी घेऊन बाहेरच होत्या.

मी म्हणालो, "देतो. पर रीत करावी लागंल."

"कुठली रीत?"

"ही भिकंची हाय. राजाच्या आईनं मागितली, माझ्या आईनं मागितली. सत्कारानं कुनाला गावत न्हाय. पदर पसरा."

नगरसेवक पुतण्याकडं बघायला लागले. पुतण्या त्यांच्या कानात म्हणाला, "पसरा की साहेब, दोन मिंटांचं काम हाय. मतं मागतोच की आपन." फोटोवाल्याला त्यांनी बाजूला जायला सांगितलं. आणि खरंच, खांद्यावरचं जरीचं उपरणं काढून माझ्या उंबऱ्यापुढं पसरलं. बायकांच्यात कुणीतरी फिसकन हसलं.

"कशासाठी मागताय?" मी विचारलं. राजानं आईला विचारलं होतं तसंच.

"म्हणजे?"

"लेकरू कुटलं? कुनाचं जगंना झालंय?"

त्यांना दोन मुलगे, दोघंही धष्टपुष्ट, एकाला तर दारातून आत यायला वाकडं व्हावं लागतं. पण माणूस भाषणाचा. त्यांनी उपरणं जरा वर धरलं आणि म्हणाले, "काका, ही जनता हेच माझं लेकरू."

पाण्याच्या रांगेतून आवाज आला, "मग लेकराला चार दिसांनी एकदा पानी पाजतासा व्हय?"

त्यानंतर सत्कार काही झाला नाही. नगरसेवकांनी उपरणं झटकलं, शाल गाडीत टाकली. नारळ तेवढा राहिला. पुतण्या म्हणाला, "तात्या, घराण्याची आब घालवली." मी म्हणालो, "आब बिबट्यानं खाल्ली." गल्ली हसली. मीही हसलो, जरा जास्तच. ही गेल्यापासून पहिल्यांदा. आत जाऊन हिला सांगावं म्हणून वळलोसुद्धा.

संध्याकाळी मागच्या बोळातली तीच विणकरीण भात-आमटीचं ताट घेऊन आली. ही गेल्यापासून दोन-तीन दिवसांआड आणते. आता तिची पंचावन्नी उलटली असेल. मी ताट घेताना तिच्याकडं बघत नाही. तीस वर्षं बघितलेलं नाही.

ती गेली नाही. उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली.

"मामा, त्याला बरं पदर पसरायला लावला. मी रांगेतच होते."

"व्हय."

"मीबी पसरला होता. याद आहे?"

मी ताटाकडं बघत राहिलो.

"तुम्ही आत खोकत होता, मामा."

मी म्हणालो, "चुकलो."

"मी लई शिव्या दिल्या तुम्हाला. वर्षभर. तेलुगूत दिल्या, म्हणून तुम्हाला कळलं नाही." ती परत हसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण आमच्या अक्काला, तुमच्या घरच्यांना, नाही दिल्या. दुसऱ्या दिवशी अक्का आली की आमच्याकडं. दुपारी, तुम्ही पाळीवर गेल्यावर."

"कशाला?"

"नाकात नुसती काडी होती तिच्या. मुरणी पदरात टाकली माझ्या. म्हणाली, ही भीक समज, राजाची न्हाय पर चालंल. सोनारानं त्याची एवढीशी बाळी करून दिली, पोरीच्या कानात घातली. अजून आहे तिच्या कानात. मामांना सांगू नको म्हणाली, त्यांना लाज वाटंल. अक्का होती तोवर नाही सांगितलं. आता सांगते."

ताट तसंच माझ्या हातात होतं. ती उठून गेली.

दोन दिवस पीठ चाळलं होतं हिनं. मी समोर बसून चाळायला लावलं होतं. खाली कागद अंथरलेला, हातात चाळणी, पांढरे झालेले कोपर. पिठात नाही हे तिला ठाऊक होतं, आणि दोन दिवस मूठ-मूठ करून ती चाळत होती, आणि मी म्हणत होतो, नीट बघ, डोळं कुटं गेलं तुझं. त्यानंतर तीस वर्षं टोमणे. शेवटच्या गुरुवारीसुद्धा. राजाची आई, माझी आई, आणि मागच्या बोळातली ती विणकरीण, तिघींनी पदर पसरला आणि तिघींना कुणी ना कुणी दिलं. राजानं कानातलं दिलं, हिनं नाकातलं दिलं. आमच्या घराण्यात राजासारखं वागलेलं माणूस शोधायला बिबट्या कशाला लागतोय? ते माझ्या पुढ्यात बसून पीठ चाळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिठे भिजवले. निम्मं पाणी फरशीवर सांडलं. बटव्यातून बाळी काढली, बशीत धुतली, सदऱ्यानं पुसली. लवंगेचा वास काही गेला नाही, तो राहू दिला. बशी हातात धरून मागच्या बोळात गेलो. गुरुवार नव्हता, पण गुरुवारपर्यंत थांबलो असतो तर परत 'बघू' म्हणालो असतो.

विणकरणीची मुलगी शिवणयंत्रावर बसली होती. तीस वर्षांची. उजव्या कानाच्या वरच्या कडेला तिची ती एवढीशी बाळी. रोज येता-जाता बघत होतो मी ती. आमच्याच घरातलं सोनं, मला ओळखू आलं नाही.

"पोरी, एवढी घालून दे," मी म्हणालो. "मला जमत न्हाय."

तिनं सुई बाजूला ठेवली, माझं डोकं उजेडाकडं वळवलं. दीड महिन्यात भोक आवळलं होतं. "दुखलं तर सांगा, आजोबा." दुखलं. सांगितलं नाही. तार वाकवून तिनं बोटानं दाबून बघितली, ही दाबायची तशीच.

तिच्या आईला म्हणालो, "पान्याच्या रांगंत सांगून ठेव. दवाखान्यात कुनी वळखीचं असलं तर तितंबी सांग. कुनाचं लेकरू जगंना झालं, तर पाठवून दे. मी घरात हाय म्हनावं."

घरी आलो. टॉवेल खुंटीला अडकवला. खुर्ची उंबऱ्याच्या बाहेर काढली, फिरवली, आणि उजवा कान रस्त्याकडं करून बसलो.